खालचा खण

आमच्या मामाने बाबांचे पतंग जाळले आणि त्याच जाळावर बाबांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. आमच्या घरातली ही सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट. आई ती सांगायला लागली की मामा गुपचूप उठून सायकलीत हवा भरायला जायचा. सायकलीत हवा आधीच ठासून भरलेली असायची.

पतंग म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालतात ते. बाबा ऊस संशोधन केंद्रात कामाला होते. लोक कोंबड्या पाळतात, मासे पाळतात. आमचे बाबा अळ्या पाळायचे. शाळेत "वडील काय करतात?" असं विचारलं की मी खोकायचे.

पण काम साधं नव्हतं. उसावर पाकोळी नावाचा किडा पडतो. वाळल्या गवताच्या रंगाचा, लांब चोचीचा, हात लावायला जावं तर टुणकन उडणारा. तो पानातला रस पितो आणि मागे चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि अख्खं शेत चुलीवर धरल्यासारखं काजळून जातं. त्यात नुसता हात फिरवला तरी बोटं काळी होतात आणि ती काजळी साबणाला दाद देत नाही. आता या पाकोळीच्या पाठीवर बसून तिचाच रस पिणारी एक अळी असते. इवलीशी, अंगभर पांढरी भुकटी माखलेली. पाकोळी बसली की ही पाठीवर, पाकोळी उडाली की ही पाठीवरच. आम्ही मुलं तिला उतारू म्हणायचो. "ते बघ, फुकट्या उतारू चालला!" असं ओरडत आम्ही बांधावरून पळायचो.

पोट भरलं की अळी पाठीवरून उतरते आणि उसाच्या पानावर पांढरा कोष विणते. आठवडाभरात त्यातून करंगळीच्या नखाएवढा काळपट पतंग निघतो. हा पतंग काही म्हणता काही खात नाही. "जन्माचं जेवण लहानपणीच दुसऱ्याच्या पाठीवर उरकलेलं असतं," बाबा कौतुकाने सांगायचे. "आता फक्त लग्न आणि अंडी. चार दिवसांत खेळ खलास." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा, तो माझा निकाल ऐकतानाही कधी दिसला नाही.

केंद्रातली खोली पत्र्याची. उन्हाळ्यात तिथे माणूस शिजायचा, तिथे अळीची काय कथा! म्हणून बाबांनी जाळीच्या दारांचं कपाट आमच्या ओसरीवर आणून ठेवलं होतं. ओसरी उत्तरेला, भर दुपारीही गार. वरच्या खणात अंड्यांच्या पानपट्ट्या, खालच्या खणात कोषांच्या. पट्टी म्हणजे उसाच्या पानाचा बोटभर तुकडा. तो दुसऱ्याच्या शेतात नेऊन हिरव्या पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने टाचायचा, आणि मग पतंग आपलं काम करायला मोकळा. कपाटाचे चारी पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे असायचे. मुंगीला पोहता येत नाही, म्हणून.

मामा आला तो चार दिवसांसाठी. आईचा धाकटा भाऊ, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा. एक-एक अक्षर उचलून ओळ लावायची, तीही उलटी. मग छापखान्यात यंत्रं आली, खिळे वितळवले गेले आणि मामा एक ट्रंक घेऊन आमच्या दारात उभा राहिला. लग्न झालेलं नव्हतं. "चार दिवस राहतो, तोवर काहीतरी बघतो," तो म्हणाला. आई म्हणाली, "बघ बाबा." तिच्या त्या दोन शब्दांत काय काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

मामाचा स्वभाव भिडस्त. फुकटचा घास त्याच्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेलेली आणि बाबा केंद्रावर. मामाने मनाशी ठरवलं की घराला काहीतरी हातभार लावायचा. त्याने ओसरी झाडली, धुतली, जाळ्या काढल्या. कपाट उघडलं तर खालच्या खणात वाळलेल्या पानांचे तुकडेच तुकडे, वर पांढरे डाग पडलेले. किती दिवसांचा कचरा साठवून ठेवलाय या लोकांनी, असं त्याला वाटलं. त्याने खण लख्ख पुसला, आणि जळण वाया कशाला घालवायचं म्हणून ती सगळी पानं बंबात घातली.

बाबा आले, आंघोळ केली, डोकं पुसत बाहेर आले आणि खूश होऊन म्हणाले, "पाहुणे, पाणी काय झकास तापलंय! कशावर तापवलंत?"

मामाने सांगितलं. अभिमानाने सांगितलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

बाबा ओसरीच्या पायरीवर बसले ते केस वाळेपर्यंत उठले नाहीत. त्या आठवड्याची सगळी बेगमी होती ती. चहूकडच्या शेतांत पाकोळी वाढत होती आणि पट्ट्या मागायला लोक दुसऱ्या दिवशीच येणार होते. मामाची तर पाचावर धारण बसली. तो ट्रंक घेऊन निघालाच होता. तेव्हा बाबा पायरीवरूनच, मान वर न करता म्हणाले, "जाता कुठे? खालचा खण होता तसा भरून द्या. मग खुशाल जा."

पहिल्यांदा ते वाक्य रागातच निघालं होतं, यात शंका नाही. पण बोललेलं वाक्य म्हणजे घरात आलेलं मांजर. एकदा शिरलं की आपल्या सोयीने जागा बदलतं.

मामा रोज सायकल काढून शेतोशेती फिरू लागला. खिळे उचलायचा चिमटा आणि पत्र्याची डबी, एवढाच सरंजाम. अक्षरं वेचलेली नजर होती. कोष असलेलं पान त्याला बांधावरूनच दिसायचं. पण मेख अशी की खण एका वेळी भरायला हवा होता. कोष काही तांदळाचे दाणे नव्हेत, साठवून ठेवायला. एकीकडून गोळा करावेत तर दुसरीकडून आठवड्यात पतंग बाहेर. म्हणजे सगळा खण आठ दिवसांच्या आतच भरायचा. तरी तो पहिल्याच हंगामात भरत आला होता. मामाने ट्रंकेवरची धूळसुद्धा पुसली होती. आणि एका सकाळी पाहिलं तर खण अर्धा रिकामा.

"मुंग्या," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "या घरात मुंग्या काय कमी आहेत?"

बाबांनी कपाटाजवळ जाऊन पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पाहुणे, थांबावं लागणार तुम्हाला."

पुढच्या हंगामात तेच झालं. त्याच्या पुढच्याही. खण भरत यायचा आणि मुंग्या लागायच्या. वाट्यांत पाणी असूनही लागायच्या. त्या मुंग्या पट्ट्या अख्ख्याच्या अख्ख्या उचलून न्यायच्या आणि टाचण्यांची डबीही हलकी करायच्या, याचं कुणालाच काही वाटायचं नाही. मामाने वाट्या बदलल्या, रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांत पाणी भरायचा नेम धरला. केंद्राने त्याला रोजंदारीवर घेतलं. माझी दहावी झाली, कॉलेज झालं, लग्न झालं, मुलगी झाली. मामा अजून खण भरतच होता. बाबा त्याला शेवटपर्यंत "पाहुणे"च म्हणत राहिले.

आणि आई त्याला शेवटपर्यंत बोलत राहिली. "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी," हे तर तिचं रोजचंच. मामा खरोखर ओसरीवर झोपायचा, त्यामुळे म्हण अगदी मापात बसायची. "ते तुमचे उतारू आठ दिवसांत पाठीवरून उतरतात तरी," ती बाबांना ऐकवायची, मामाला ऐकू जाईल अशा बेताने. तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लाजायचा, आणि ती न विचारता त्याच्या ताटात दणकन वाढून म्हणायची, "आता टाकू नकोस, अन्न आहे ते." मला तिचा राग यायचा. माझ्या डोक्यात सगळा हिशेब स्पष्ट होता. बाबा देवमाणूस, मामाला मिंधं वाटू नये म्हणून तेच गुपचूप पट्ट्या काढून वाटत असणार. आणि आई म्हणजे तोंडाचा पट्टा. मी बाबांना कधी तसं विचारलं नाही. चांगल्या कामाचा गवगवा करू नये, एवढी अक्कल मला होती.

त्या ओसरीची मला अजून आठवण येते. ओल्या उसाच्या पानांचा तो कच्चा, गोडसर वास. सकाळी कपाटाच्या जाळीला आतून चिकटून बसलेले काळे पतंग, हलायचेसुद्धा नाहीत. बाबा एखादा माझ्या मनगटावर ठेवायचे. वजन शून्य. मामा जमिनीवर मांडी घालून पट्ट्या ओळीत लावत बसलेला, एक-एक चिमट्याने उचलून, त्याची छापखान्यातली सवय. मधूनच आतून आईचा आवाज आणि कशाला तरी आदळलेलं भांडं. माझ्या आजच्या घरात सगळं शांत आहे, भांडीही हळू ठेवतात. मला ते घर आवडत नाही असं नाही, पण त्यात करमत नाही.

बाबा जाऊन वर्ष झालं आणि आईचा फोन आला. "तुझा मामा निघालाय. भेटायचं असेल तर ये." एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

मी पोचले तेव्हा ट्रंक दारापाशी काढून ठेवलेली होती. केंद्राने पतंगांचा विभाग बंद केला होता. कपाट तुमच्याकडेच राहू द्या, असा निरोप आला होता. छापखान्यातल्या एका जुन्या सोबत्याची दूरच्या शहरात खोली होती, मामा तिकडे जाणार होता. सोबती अंथरुणाला खिळलेला, खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि मामाचे गुडघे हे असे. मी म्हटलं, "मामा, वेड लागलंय का? त्यापेक्षा माझ्याकडे चल."

"तुझ्या पाठीवर कशाला?" तो हसला. "एका घराला त्रास दिला तेवढा पुरे. भाऊजी होते तोवर त्यांचं देणं होतं, म्हणून राहिलो. आता बहिणीच्या घरात म्हातारपण काढायचं, ते बरं दिसत नाही."

"खण कुठे भरलाय अजून?" मी शेवटचा डाव टाकला.

तो उठला आणि कपाटाचं दार उघडलं. खालचा खण काठोकाठ भरलेला होता. पट्ट्यांच्या ओळी अशा एकसारख्या की छापायला द्याव्यात. प्रत्येक पट्टीवर पांढरे कोष. या वयात, त्या गुडघ्यांनी, आठवड्याच्या आत तो किती शेतं हिंडला असेल देव जाणे. "भाऊजींना सांगितलं होतं भरून देईन," तो म्हणाला. "उद्या सकाळी शेजारचा ऊसवाला येईल, त्याला हे सोपवतो आणि नऊच्या गाडीने निघतो."

मी स्वयंपाकघरात गेले. आई कांदा चिरत होती. "आई, त्याला थांब म्हण."

"मी का म्हणू? माझं कधी ऐकलंय त्याने?"

"तू थांब म्हणालीस तर थांबेल."

"इतकी वर्षं जा जा म्हणत होते, तेव्हा गेला का?" कांदा कधीच चिरून झाला होता, ती पुन्हा त्यातूनच सुरी फिरवत होती. "जाऊ दे. मोठा झालाय आता."

रात्री आईने पानं घेतली. तिने मामाच्या ताटात दोनदा वाढलं. दोन्ही वेळा दणका बसला नाही, आणि मला रडू आलं. मी अंथरुणावर पडून आईवर चिडत राहिले. जन्मभर तोंड चालवलं, आणि आता एक शब्द बोलायचा तर वाचा बसली! उद्यापासून या घरात ती एकटी आणि तो त्या तिसऱ्या मजल्यावर एका आजाऱ्याच्या उशाशी. मी दोघांची काय काळजी करणार, लांब राहून?

उजाडता उजाडता जाग आली. ओसरीवर कपाटाचं दार कुरकुरलं. खिडकीतून पाहिलं तर मामा आपल्या पथारीवर भिंतीकडे तोंड करून झोपलेला, आणि आई कपाटापुढे उकिडवी बसून पट्ट्या भराभर पिशवीत भरत होती.  हीसुद्धा आता जाळते की काय! मी अनवाणीच तिच्या मागे निघाले.

ती कुंपणाच्या तुटक्या तारेतून वाकून पलीकडे गेली. तार कुठे तुटलीय ते न बघता गेली. उसाच्या पहिल्या सरीत शिरून तिने पिशवी कोपराला अडकवली, टाचण्या ओठांत धरल्या आणि एक-एक पान उलटं करून पट्टी टाचायला लागली. पान उलटायचं, पट्टी, टाचणी, पुढचं पान. बाबा याच कामाला किती वेळ लावायचे! हिचे हात मात्र भाजी निवडल्यासारखे चालले होते.

"तू?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

ती दचकली नाही. ओठांतल्या टाचण्या तळहातावर काढून म्हणाली, "मग काय तुझे बाबा? एक पट्टी इकडची तिकडे झाली तर त्यांना घास जायचा नाही."

"म्हणजे त्या मुंग्या..."

"पिशवी धर नीट. पट्ट्या चुरगळतील."

मी पिशवी धरली. "बाबांना माहीत होतं?"

"मी कधी सांगितलं नाही. एकदा माझ्या टाचण्या संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यावर नवी डबी ठेवलेली होती. त्यांनीही काही सांगितलं नाही." तिने आणखी एक पान उलटलं. "आणि ऊसवाल्यालाच तर द्यायच्या होत्या ना? त्याच्याच शेतात चालल्यात. वाया कुठे घालवतेय मी?"

"अगं, पण मग त्याला एवढं बोलायचीस का?"

"बोलू नको तर काय करू? गोड बोलले असते तर पहिल्याच महिन्यात लाजून पळाला असता. कसा आहे ते माहीत नाही तुला? कुणाच्या उपकारावर राहायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. काम बाकी आहे म्हटलं की राहतो." मग ती थांबली. हात पानावरच राहिला. "तुझ्या बाबांशी भांडण म्हणजे भिंतीशी भांडण. एक हाच होता ऐकून घेणारा. एकच भाऊ आहे मला. तो गेला तर मी कुणाला बोलू गं?"

इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. मी तिला जवळ घेतलं. तिने मला घेऊ दिलं, मग नाक ओढून म्हणाली, "चल, हात चालव. उठेल तो."

आम्ही दोघींनी मिळून सगळ्या पट्ट्या टाचल्या. मी टाचलेल्या दोन-तीन तिने काढून पुन्हा टाचल्या.

घरी येऊन तिने चहा टाकला आणि मी खिडकीशी बसून राहिले. मामा उठला. पथारी गुंडाळली, तांब्या घेतला, वाट्यांत पाणी भरलं, शेवटच्या दिवशीसुद्धा. मग कपाटाचं दार उघडलं. 

"ताई!"

"काय आहे?"

"खण रिकामा झालाय."

"मुंग्या लागल्या असतील," आई आतूनच म्हणाली. आवाज नेहमीसारखाच करायला गेली, पण शेवटी जरासा चिरकला.

मामा तसाच कपाटापुढे उभा होता. आई चहा घेऊन बाहेर आली. त्याने कप घ्यायला हात पुढे केला आणि त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. दहाही बोटांची टोकं काळी. मला आठवलं, ती बोटं मी लहानपणापासून पाहिली होती. चुलीची काजळी आहे, असं ती म्हणायची. आमच्याकडे चूल कधीच नव्हती, गॅस होता.

मीच कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याने किती वर्षांपूर्वी पाहिलं असेल, ते त्याचं त्याला माहीत. अक्षरं उलटी वाचण्यात ज्याची उमर गेली, त्याला बहिणीची बोटं वाचता येणार नाहीत? त्या बोटांकडे बघत तो म्हणाला, "हो. मुंग्याच दिसतात."

"मग? आता रे?"

"आता काय. भाऊजींना शब्द दिलाय." त्याने चहाचा घोट घेतला. "पुन्हा भरावा लागेल."

"चार दिवसांसाठी आला होतास," आई म्हणाली, आणि आत गेली. पाठोपाठ आतून एक पातेलं दणकन आदळलं.

मामाने कप खाली ठेवला, चिमटा आणि डबी खिशात घातली आणि सायकल बाहेर काढली. टायर दाबून पाहिलं. जाता जाता मला म्हणाला, "ती ट्रंक तेवढी पलंगाखाली सरकव. येता-जाता ताईच्या पायात येईल."